एकोणनव्वदावा मणी

भिंगबाईंच्या दुकानात माणसं आशेने शिरत आणि अक्कल घेऊन बाहेर पडत. खिशातून रुमाल निघे, रुमालातून नाणं निघे आणि नाण्यावर थोरले असत. सगळा देश ज्यांना नुसतं ‘थोरले’ म्हणे, ज्यांनी देश उभा केला आणि मग वीस वर्षं तो हाकला, ते थोरले. त्यांचा चेहरा इतक्या नाण्यांवर आणि पदकांवर उमटला होता की घरटी एखादं तरी ट्रंकेच्या तळाशी सापडेच. आणि ज्याला सापडे त्याला वाटे, आपलंच तेवढं जगावेगळं.

त्या सकाळी एक सुतार आला होता. त्याने टेबलावर ठेवलेलं नाणं आरशासारखं लखलखत होतं.

“घासलंत?” भिंगबाईंनी हात न लावताच विचारलं.

“टूथपेस्टने. तासभर बसून.” सुतार खूश होता.

“छान. थोरल्यांचं नाक गेलं, अर्धी मिशी गेली.” त्यांनी गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. “हे आखूड मानेचं. पहिल्या वर्षी लांब मानेचं काढलं होतं. ते थोरल्यांच्या बायकोने पाहिलं आणि म्हणाली, हा करकोचा कोण? म्हणून दुसऱ्या वर्षापासून मान कापली. लांब मानेचं असतं तर तुमचं छप्पर नवं झालं असतं. ह्याचे दोन चहा येतील. घासलं नसतंत तर सोबत बिस्किटं आली असती.”

सुतार हिरमुसला, पण जाताना हसला. बाई फटकळ होत्या, पण त्यांचा निकाल ऐकल्यावर दुसरीकडे विचारायला जाण्याचा खुळेपणा कुणी करत नसे. दुकान मूळचं त्यांच्या नवऱ्याचं. तो नाणी विकायचा आणि ही ओळखायची. तो गेल्याला अकरा वर्षं झाली. आता मागच्या खोलीत काटा, भिंगं आणि भिंगबाई, आणि पुढच्या काउंटरवर त्यांची नणंद. नणंदेला सगळा बाजारच वन्सं म्हणे, कारण भिंगबाई आतून दिवसातून पन्नास वेळा तशी हाक मारत. वन्सं नवऱ्यामागे माहेरी आल्या त्या दुकानातच रुजल्या. वहिनीशी त्या दिवसभर भांडत, आणि वहिनीबद्दल दुसऱ्या कुणी अर्धा शब्द काढला तर त्याला दुकानाची पायरी दाखवत.

आणि पोथी होती. सव्वीस वर्षांपूर्वी भिंगबाईंनी ‘थोरल्यांची नाणी आणि पदकं’ असं पुस्तक लिहिलं, त्याला धंद्यात सगळे पोथी म्हणत. वजन किती, रुंदी किती, कोटाची कॉलर कशी, कान कसा, कड कशी, सगळं त्यात नोंदलेलं. लिलाववाले पोथीचं पान सांगून बोली सुरू करत. दोन दलालांची जुंपली की तिसरा म्हणे, पोथी काढा. पोथी निघाली की भांडण मिटे. तिच्यात आजवर कुणी एक चूक दाखवली नव्हती. भिंगबाईंना ह्याचा अभिमान होता आणि तो त्या लपवत नसत. लपवायचा कशाला? स्वतः कष्टाने मिळवलेला होता.

सुतारापाठोपाठ एक पन्नाशीची बाई आत आली. टपाल कचेरीचा गणवेश अंगावर, बुटांवर धूळ. तिने टेबलावर आधी एक पत्र ठेवलं, मग एक कातडी डबी.

“आधी पत्र वाचा,” ती म्हणाली. “मग मला बसायला सांगायचं की नाही ते ठरवा.”

पत्र थोरल्यांच्या स्मारक-संग्रहालयाचं होतं, खाली गोल शिक्का. ‘आपण देणगीदाखल पाठवलेले शपथविधी पदक तपासण्यात आले. कडेवरील मण्यांची संख्या प्रमाणग्रंथातील वर्णनाशी (‘थोरल्यांची नाणी आणि पदकं’, पान एकशे बारा) जुळत नसल्याने सदर पदक नक्कल असल्याचे निष्पन्न झाले आहे. पदक परत पाठवीत आहोत.’

“बसा,” भिंगबाई म्हणाल्या. “पदक कुणाचं?”

“बाबांचं. थोरल्यांचे ड्रायव्हर होते ते. एकोणीस वर्षं. थोरल्यांनी दुसऱ्यांदा शपथ घेतली तेव्हा बारा जणांना चांदीची पदकं दिली ना? त्यातली अकरा बडी धेंडं आणि बारावे माझे बाबा. शपथ घेऊन आले आणि गाडीच्या खिडकीतून हात आत घालून स्वतः दिलं.”

“विकायचंय?”

“छे हो! आईच्या दुखण्यात घरात दमडी नव्हती, तेव्हासुद्धा बाबांनी डबीला हात लावू दिला नाही. आता चौऱ्याऐंशीचे झालेत. म्हणाले, माझ्यामागे हे कुठेतरी पडून राहायला नको, स्मारकाला देऊन टाकू, चार लोक बघतील. तर हे उत्तर आलं.” “शेजारीपाजारी हसले, त्याचं काही नाही. पण बाबांना वाटतंय, थोरल्यांनीच फसवलं. अकरा जणांना खरी दिली, आणि ड्रायव्हरला काय कळतंय म्हणून खोटं टेकवलं. चार महिने झाले बाई, उठता-बसता थोरल्यांना शिव्या देताहेत. जेवताना शिव्या, झोपताना शिव्या. ज्या माणसापायी अख्खी उमर घालवली त्यालाच. त्यांच्या छातीत दुखतं, डॉक्टरांनी हात टेकलेत. असं कडू मन घेऊन गेले तर मी काय करू?”

वन्सं काउंटर सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“पोथी तुमची,” ती पुढे म्हणाली. “तुमचा शब्द शेवटचा. नक्कल असेल तर तसं तोंडावर सांगा. मग घरी जाऊन काय थाप मारायची ते माझं मी बघेन.”

भिंगबाईंनी डबी उघडली. पदक काठाने उचललं, तळहातावर घेतलं आणि त्यांच्या मनाने तिथल्या तिथे कौल दिला. चांदी जुनी, काळवंडलेली, कुणी न घासलेली. थोरले डावीकडे तोंड करून बघत होते, गालफडं बसलेली, कानाची पाळी वेगळी दिसावी इतकी सुबक. ओतून केलेल्या नकलेत कान कधी असा येत नाही, तो साबणासारखा गुळगुळीत होतो. काट्यावर वजन चोख भरलं. आता राहिले मणी. थोरल्यांच्या बाकी सगळ्या पदकांना दोरीसारखी पिळाची कड होती, ह्या एकाच पदकाच्या कडेला बारीक मण्यांची माळ होती.

हल्ली नजर दगा देई म्हणून मोजताना त्या पदकावर काच ठेवत आणि पहिल्या मण्यासमोर काचेवर शाईचा ठिपका देत. तसा दिला आणि मोजलं. अठ्ठ्याऐंशी. काच फिरवून दुसऱ्या जागी ठिपका दिला. अठ्ठ्याऐंशी. तिसऱ्यांदाही तेच.

वन्संनी न सांगताच पोथी आणून पान एकशे बारा उघडून धरलं. ‘कडेला मणी : एकोणनव्वद.’

“पदक खरं आहे,” भिंगबाई म्हणाल्या.

“वहिनी, पोथीत एकोणनव्वद आहेत!”

“आहेत ना. वाचता येतं मला, मीच लिहिलंय. पदक खरं आहे, म्हणजे पोथी चुकलीय. नाहीतर माझे हात आणि डोळे दोन्ही म्हातारे झालेत. काय ते उद्या कळेल.” मग त्या ड्रायव्हरच्या लेकीकडे वळल्या. “बाबांना इतक्यात काही बोलू नका. अर्धा आनंद देऊन परत घेणं फार वाईट. पदक माझ्याकडे ठेवा. परवा संध्याकाळी मी घेऊन येते, स्वतः.”

ती गेली तशी वन्संनी तोफ डागली.

“पोथीच्या वेळी टांकसाळीत तुम्ही मोजत होतात आणि मी वहीत लिहीत होते. माझ्या हातून आकडा चुकलेला नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.”

“तुमच्यावर कुणी बोट ठेवलंय का?”

“ठेवायच्या आत सांगतेय. तीन दिवस बसलो होतो आपण तिथे. तुम्ही म्हणालात एकोणनव्वद, मी लिहिलं एकोणनव्वद. तेव्हा तुमच्या डोळ्यांना भिंगसुद्धा नावाला लागायचं.”

“तेव्हा मी काचेवर ठिपका द्यायचे का?”

“कशाला द्याल? तेव्हा तुमचा तोरा काय होता! म्हणायचात, माझ्या नजरेला खुणा लागत नाहीत.”

मग वन्सं आत गेल्या आणि बिस्किटांची बशी घेऊन आल्या. बिस्किटं त्यांनी कागदावर उपडी केली. “हिच्या काठाला पाकळ्या आहेत. मोजा. तेव्हा मोजायचात तशा, ठिपक्याबिगर.”

“वन्सं, पोरखेळ नको.”

“मोजा म्हणते ना.”

भिंगबाईंनी बशी समोर धरली. सगळ्यात वरच्या पाकळीपासून सुरुवात केली आणि ओठ हलवत गोल फिरून वर आल्या. “एकवीस.”

“वीस आहेत,” वन्सं म्हणाल्या. “तीस वर्षं ही बशी मी धुतेय. वरच्या पाकळीपासून निघालात, फिरून वरच्या पाकळीवर आलात आणि तिला पुन्हा मोजलंत. निघताना एक, पोचताना एक.”

भिंगबाईंचे कान तापले. त्यांनी बशी खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि ह्या वेळी वरच्या पाकळीवर अंगठा दाबून मोजलं. वीस. थोरल्यांच्या डोक्यावरचा मणी त्यांना आठवला. त्या नेहमी तिथूनच निघायच्या. तरुणपणी नजर धडधाकट होती म्हणून चूक झाली, आणि आता ती अधू झाली म्हणून चूक सापडली. त्यांना लाज वाटली, आणि लाजेहून जास्त राग आला, कारण रागवायला समोर दुसरं कुणी नव्हतं.

“बशीवरून सिद्ध काही होत नाही,” त्या अखेर म्हणाल्या. “उद्या टांकसाळ.”

टांकसाळीत जुन्या ठेव्याच्या खोलीवर एक कोठीवाला होता. बारा पदकं वाटली होती, तेरावं नमुना म्हणून त्याच्या कपाटात होतं. पोथीवाल्या बाई आल्यात म्हटल्यावर त्याने खुर्ची पुसून दिली.

“आमच्याकडे पण पोथीच आहे बघा,” तो कौतुकाने म्हणाला. “कुठूनही विचारणा आली की पोथी बघून उत्तर धाडतो. वीस वर्षांत हे कपाट उघडावं लागलेलं नाही.”

“मग आज उघडा,” भिंगबाई म्हणाल्या.

किल्ली गंजली होती. तीन वह्यांत सह्या झाल्यावर पदक टेबलावर आलं. भिंगबाईंनी काच ठेवली, ठिपका दिला. ह्या खेपेला वन्संनी वही धरली नाही. त्या शेजारी वाकून स्वतः मोजत होत्या. दोघींनी आकडा एकदमच उच्चारला.

“अठ्ठ्याऐंशी.”

“म्हणजे?” कोठीवाल्याने विचारलं.

“म्हणजे वीस वर्षं तुम्ही माझी चूक सरकारी टपालाने देशभर वाटत होतात,” भिंगबाई म्हणाल्या. “काळजी करू नका, दोष तुमचा नाही. पण अधूनमधून कपाट उघडत जा.”

बाहेर रस्त्यावर आल्यावर भिंगबाई चालायच्या थांबल्या. वन्संनी त्यांचा दंड धरला. दोघी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या. ह्या एका पुस्तकावर त्यांनी नाव कमावलं होतं. उद्या प्रत्येक दलाल म्हणणार होता, ह्या पानावर चूक, तर बाकीच्या पानांवर कशावरून नाही?

“बाकीची पानं मी पुन्हा तपासेन,” त्या जणू त्या दलालालाच म्हणाल्या. “एकूण एक. आणि बरोबर निघतील.”

“निघतीलच,” वन्सं म्हणाल्या. “पण वहिनी, एक सांगा. पोथीत आकडा चुकीचा, तर स्मारकातल्या काचेत जे पदक मांडलंय, ते पोथीशी जुळलं कसं?”

भिंगबाईंनी चटकन मान वर केली. धंद्याचा वास लागला की त्यांचं सगळं दुखणं पळे.

“उठा,” त्या म्हणाल्या. “स्मारक पाचला बंद होतं.”

स्मारकाचे संचालक स्वतः जिना उतरून आले. गोड बोलणारा, नीटनेटका माणूस. शपथविधी पदक निळ्या मखमलीवर ठेवलेलं, वर दिवा सोडलेला. भिंगबाईंनी ते बाहेर काढायला लावलं. काच, ठिपका, भिंग.

“एकोणनव्वद,” त्या म्हणाल्या.

“अगदी पोथीबरहुकूम!” संचालक हसले.

“तेच तर दुखणं आहे. कधी घेतलंत हे?”

“तीन वर्षं झाली. देणगीदारांकडून पैसे जमवून घेतलं. एकेक मणी मोजून घेतला आम्ही.”

भिंगबाईंनी पिशवीतून ड्रायव्हरची डबी काढली आणि दोन्ही पदकं शेजारी शेजारी ठेवली. “हनुवटीखाली बघा. तुमच्या पदकावर ही काय आहे?”

संचालक वाकले. “गळ्याची वळी.”

“थोरले जन्मभर काटकुळे. पहिल्या नाण्यावर बायकोने करकोचा म्हटलं त्यांना. वळी आली कुठून? मी सांगते. माझ्या पुस्तकातून आली.” त्यांनी पान एकशे बारावरचा फोटो पुढे धरला. “मी फोटो घेतला तेव्हा दिवा वर होता, हनुवटीची सावली गळ्यावर पडली. ज्याने हे पदक बनवलं त्याने खरं पदक जन्मात पाहिलेलं नाही. त्याने पोथी समोर ठेवली आणि ठसा कोरला. मी सावली दाखवली, त्याने वळी कोरली. मी एक मणी जास्त सांगितला, त्याने एक मणी जास्त कोरला. कारागीर इमानदार आहे बिचारा. सांगितलं तेवढंच केलं.”

“पण पोथी...”

“पोथी चुकली. मणी अठ्ठ्याऐंशी. टांकसाळीतून मोजूनच येतेय.”

संचालकांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. त्यांनी दार लोटून घेतलं, दोघींना खुर्च्या दिल्या आणि खालच्या आवाजात म्हणाले, “बाई, ही गोष्ट आपल्या दोघांतच आहे.”

“तिघांत,” वन्सं म्हणाल्या.

“तिघांत. हे बघा, तुमचं नाव आहे, आमचं नाव आहे. आम्ही हे पदक दुरुस्तीच्या नावाखाली काढून ठेवतो. त्या ड्रायव्हरचं पदक फेरतपासणीत खरं निघालं असं कळवून स्वीकारतो. तुम्ही पुढच्या आवृत्तीत आकडा बदला. कारण लिहायलाच पाहिजे असं थोडंच आहे? त्यांना त्यांचा मान मिळाला, तुमची अब्रू राहिली, आमचीही राहिली. साप भी मरे, लाठी भी न टूटे.”

खोटं कशाला बोला, भिंगबाईंना ते पटत होतं. म्हाताऱ्याला काय हवं होतं? पदक खरं एवढंच. ते मिळतच होतं. सव्वीस वर्षांचं नाव एका मण्यापायी का घालवायचं? त्यांनी समोरच्या दोन पदकांकडे पाहिलं. मग त्यांना ते पत्र आठवलं आणि त्यावरचा गोल शिक्का.

“चार महिन्यांपूर्वीचं पत्र तुम्ही गुपचूप पाठवलं होतंत का?” त्यांनी विचारलं. “त्यावर शिक्का होता. माझ्या पुस्तकाचं नाव होतं, पानाचा आकडा होता. त्या माणसाला नक्कल ठरवलं ते छापील, कारणासकट. मग खरा ठरवताना कारण का गाळायचं? उगाच ‘फेरतपासणी’ म्हटलंत तर त्याला वाटेल, म्हाताऱ्याची कीव करून घेतलं. वन्सं, कागद घ्या.”

वन्संनी कागद घेतला. भिंगबाईंनी एका दमात सांगितलं: “शपथविधी पदक, पान एकशे बारा. कडेला एकोणनव्वद मणी असे मी लिहिले. ते अठ्ठ्याऐंशी आहेत. मोजताना पहिला मणी मी दोनदा मोजला. ह्या चुकीमुळे एक खरे पदक खोटे ठरले आणि एक खोटे पदक खरे ठरले. चूक सर्वस्वी माझी.”

वन्संची लेखणी थांबली. “‘सर्वस्वी’ नको. वही मी धरली होती.”

“वन्सं, लिहा.”

वन्संनी लिहिलं. भिंगबाईंनी सही केली, आणि कागद पुढे सरकवायच्या आत वन्संनी खाली आपलीही सही ठोकली.

“ह्याच्या प्रती धंद्यातल्या सगळ्यांना जातील,” भिंगबाई संचालकांना म्हणाल्या. “एक तुम्ही ह्या काचेत लावा. खोटं पदकही राहू द्या, बाजूला. लोकांना शिकायला मिळेल. आणि एका कागदावर तुमचा शिक्का हवा, आत्ता. ड्रायव्हरच्या नावे.”

संचालकांनी एकदा दोघींकडे पाहिलं आणि खणातून शिक्का काढला.

ठरल्या संध्याकाळी दोघी तिसऱ्या मजल्यावर चढल्या. ड्रायव्हरच्या लेकीने दार उघडलं. गणवेश बदलायचंही तिला सुचलं नव्हतं. खिडकीशी खुर्चीत म्हातारा बसला होता. देह वाळलेला, पण हात अजून मोठे, स्टिअरिंग धरल्यासारखे गुडघ्यांवर ठेवलेले.

“पोथीवाल्या त्या तुम्हीच?” त्याने विचारलं.

“मीच.” भिंगबाई बसल्या नाहीत. उभ्यानेच त्यांनी सगळं सांगितलं. बशी सांगितली, टांकसाळ सांगितली, गळ्याची वळी सांगितली. स्मारकाचं पत्र वाचून दाखवलं आणि आपलंही. मग डबी त्याच्या हातात दिली. “थोरल्यांनी तुम्हाला दिलं ते त्याच ठशाचं, त्याच चांदीचं, जे त्या अकरा जणांना दिलं. तसूभर कमी नाही. बाजारात ह्याचं एक घर येईल. त्यांनी फसवलं नाही. मोजायला मी चुकले.”

म्हाताऱ्याने डबी उघडली. कडेच्या मण्यांवरून अंगठा फिरवला.

“बाबा, ऐकलंत ना?” लेक म्हणाली.

“ऐकलं. बहिरा नाही मी.” त्याने मान वर केली. “घर येऊ दे नाहीतर गाव येऊ दे. हे स्मारकात जायचं ठरलंय, तिथेच जाईल. पण चार महिने मी त्यांना जे बोललो, त्याचं काय?”

त्याने डबी मिटली.

“आईबापावरून बोललो. एकोणीस वर्षांत त्या माणसाने मला एकदा अरे म्हटलं नाही. पाऊस असला की स्वतः दार लावून घ्यायचे, मला उतरू द्यायचे नाहीत. त्यांना मी हरामखोर म्हटलं. आता ते नाहीत. परत घ्यायला जाऊ कुठे? तुम्ही पुस्तक सुधाराल, स्मारकवाले पाटी सुधारतील. मी काय सुधारू?”

लेकीने तोंड फिरवलं. भिंगबाई वजनाची उत्तरं घेऊन आल्या होत्या, ठशाची, चांदीची. ह्या प्रश्नाचं उत्तर पिशवीत नव्हतं. त्यांना त्या क्षणी स्वतःचा जितका राग आला तितका बशी मोजतानाही आला नव्हता. त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हाताऱ्याच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशा बसल्या.

“त्या शिव्या त्यांच्या नव्हत्याच,” त्या म्हणाल्या. “त्यांना लागल्याही नाहीत. माझ्या होत्या त्या, पत्ता तेवढा चुकला होता. आता मी समोर बसलेय. द्या.”

“काय देऊ?”

“शिव्या. चार महिन्यांच्या. एकही राखून ठेवू नका.”

“बाईमाणसाला?”

“मोजायला चुकली तिला.”

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. ही बाई थट्टा करत नाही हे त्याला कळलं. त्याने पाठ ताठ केली, डबी मांडीवर घट्ट धरली आणि सुरुवात केली. पहिली शिवी चाचरत आली. दुसरी जरा स्पष्ट. मग आवाज चढला, आणि थोरल्यांच्या नावे दिलेली एकेक शिवी त्याने आठवून आठवून परत आणली आणि पोथीवालीच्या पदरात घातली. मूर्ख म्हणाला, आंधळी म्हणाला, दीडशहाणी म्हणाला, आणि जे इथे लिहिता येणार नाही तेही म्हणाला. खाली रस्त्यावर दोन माणसं थांबून वर बघू लागली.

वन्सं दाराशी उभ्या होत्या. वहिनीला कुणी अर्धा शब्द बोललं तर त्याला पायरी दाखवणाऱ्या वन्संनी दोन्ही हातांनी पिशवी आवळून धरली आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

भिंगबाईंनी सगळं ऐकलं. डोळे भरून आले, पण नजर खाली गेली नाही आणि मध्ये एकदाही ‘हो पण’ म्हटलं नाही.

मग शिव्या संपल्या. म्हाताऱ्याला धाप लागली होती, कपाळ घामाने भिजलं होतं, आणि चेहरा, त्याच्या लेकीने कितीतरी दिवसांनी पाहिला तसा, सैल पडला होता.

“पाणी आण,” तो तिला म्हणाला. “आधी बाईंना दे.”